डोळे मिटून उभं राहायचं

अदिलाबादच्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, एक्स-रेला लागून आमची खोली होती. दारावर इंग्रजीत आणि तेलुगूत काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं, पण येणारी माणसं तिला तोलायची खोली म्हणत. आत जमिनीवर एक काळी चौकोनी प्लेट होती आणि तिच्यावर आम्ही माणसाला अनवाणी उभं करायचो. उतरल्यावर हमखास प्रश्न यायचा, "मेडम, किती भरलं?"

वजन नव्हतंच ते. आपल्याला वाटतं की आपण स्थिर उभे आहोत, पण कोणी स्थिर नसतं. वारा नसतानाही ज्वारीचं उभं ताट थोडं हलतं, तसं आपलं अंग सारखं पुढेमागे, डावीउजवीकडे झुलत असतं. तळपायाखाली भार कुठून कुठे सरकतो ते त्या प्लेटला कळायचं आणि पडद्यावर दोऱ्याच्या गुंत्यासारखी एक रेघ उमटायची. गुंता लहान असला तर तोल चांगला, पसरला तर वाईट. प्लेट खरी होती, पण महाग, जड आणि खोलीबाहेर न जाणारी. म्हणून तिच्या जोडीला एक पट्टा होता. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी, ती कमरेला मागून बांधायची. डबीतला सेन्सर अंग किती झुकतं ते मोजायचा आणि मोबाइलवर हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका दाखवायचा. हा पट्टा खरा ठरला असता, तर घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीतून थेट उटनूरच्या पलीकडच्या गावांपर्यंत गेला असता, आणि कोण म्हातारं माणूस पडायच्या बेतात आहे हे ते पडायच्या आधी कळलं असतं. खुब्याचं हाड मोडून ऑटोत आडवी घालून आणलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या डबीत माझा जीव होता. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू करायची आणि पट्टा प्लेटसारखंच बोलतो का ते पाहायचं, हे माझं काम.

मी फिजिओथेरपीची पदवीधर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते आणि सांगताना लाजत नाही. आमचे लोक सीमेजवळच्या गावातले, कापूस-ज्वारीवाले. घर मराठीत, शाळा तेलुगूत, कॉलेज हैदराबादेत. तिथे माझ्या तेलुगूला हसणारे भेटले, हिंदीला हसणारे भेटले. मी त्यांना हसू दिलं आणि पास होत गेले. माझ्याबरोबर खोलीत एक इंजिनिअर असायचा, तो हैदराबादचा. डबी बनवणाऱ्यांपैकीच एक. मला तो 'मेडम' म्हणायचा, येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला 'अम्मा'. पट्ट्याला कोणी हात लावला की त्याचा चेहरा लेकरू दुसऱ्याच्या कडेवर गेल्यासारखा व्हायचा.

आता मोठ्या मायबद्दल सांगते. मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. गावात घराच्या मागे तिची भाजीची वाडी आहे: वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कारल्याचा मांडव. बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आधी उठून ती भाजी काढायची, जुड्या बांधायची आणि पहिल्या ऑटोत टोपलं टाकून बाजार गाठायची. तिचा मुलगा, माझा दादा, अदिलाबादला किराणा दुकान चालवतो. त्या हिवाळ्यात मोठी माय अंधारात सरीत पडली. हाड मोडलं नाही, पण कपाळाला खोक पडली आणि शेजारणीला दिसेपर्यंत ती तशीच ओल्यात बसून होती. दादानं तिला गाडीवर बसवून शहरात आणलं आणि त्याच दिवशी सांगून टाकलं, की वाडी मक्त्यानं द्यायची आणि मायनं इथेच राहायचं.

मी भेटायला गेले तेव्हा दोघांचं चाललंच होतं.

"एक डाव पडली तं वाडी देऊ का लोकाइले?"

"एक डाव नाही, माय. पोयाच्या सणाले बी पडली होती. तू सांगत नाहीस, मले शेजारीण सांगते."

"पोयाले बैलानं ढुसनी देल्ली. त्यात मायी काय चूक?"

"बरं, बैलाची चूक. अन् आता कोणाची, मेथीची?"

मला हसू आलं. दादाला नाही आलं. तो बाहेर ओट्यावर येऊन मला म्हणाला, "तू हसून राह्यली. मी तिले उचललं तवा तिचं अंग असं थंडगार होतं. दुकानात बसतो, पण फोन वाजला की मायं काळीज हलते."

आतून मोठ्या मायनं ऐकलं असावं. ती पदर सावरत दारात आली. "असं कर. तुयी बहीण माणसं तोलते नं? ते मशीन म्हणन तसं करू. मशीन म्हणन माय पडते, तं देतो वाडी. मंग मले बोलाचं नाही, अन् मी बी बोलत नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मीही हो म्हणाले. आमच्या यंत्रावर घरातल्या माणसाचा एवढा विश्वास बसलाय याचा, खरं सांगायचं तर, मला अभिमानच वाटला.

इंजिनिअरला विचारलं. नात्यातलं माणूस अभ्यासात घेता येणार नाही, पण जेवणाच्या सुट्टीत नुसतं पाहायला हरकत नाही, असं तो म्हणाला. "आने दो अम्मा को."

मोठी माय आली ती बाजाराला जावं तशी चोपून लुगडं नेसून. प्लेटपाशी येताच ती वाकली, प्लेटला हात लावला आणि तो कपाळाला लावला. त्यात नवल नव्हतं, आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या बाया तसंच करायच्या. पायरी असो, बसची पहिली पायडी असो की वजनाचा काटा असो, पाय ठेवायच्या आधी हात लावायचा. मी तिच्या कमरेला पट्टा घट्ट बांधला.

"मले तोलतेस का वांग्यावानी?"

"तुझं वजन नाही पाहत, मोठी माय. तू उभी कशी राहतेस ते पाहते."

"कशी म्हंजे? पायावर."

दादा भिंतीला टेकून उभा होता, तोही हसला. आधी उघड्या डोळ्यांनी. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे पाहत अर्धा मिनिट उभं राहायचं. ती उभी राहिली अशी की जमिनीत रोवली असावी. ठिपका हिरवा आला. तिनं वळून दादाकडे पाहिलं.

"आता हात बाजूला सोड आणि डोळे मिट."

तिनं डोळे मिटले. अर्धा मिनिट झाल्यावर मोबाइल वाजला आणि ठिपका लाल आला.

लाल म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. दादानं मोठा श्वास सोडला. मोठी माय प्लेटवरून उतरली, चपला पायात सरकवल्या आणि पट्टा सोडायला माझ्याकडे पाठ केली. तशीच पाठमोरी म्हणाली, "मेथी काढून घेतो. कारलं शेजारणीले सांगतो, ते मांडवाले पाणी देत जाईन. बोललो तं बोललो."

दादानं तिचा हात धरला. "माय, मी काई तुया वाइटावर..."

"तू काई नको बोलू. मशीन बोललं नं."

ते गेल्यावर मला जेवण गेलं नाही. यंत्र बोललं ते खरं असेल तर बोललं ते बरंच झालं, असं मी स्वतःला सांगितलं. शिकले कशाला मग? पण हातात काम होतं म्हणून मी तिची प्लेटवरची रेघ उघडली, आणि ती लहान होती. म्हणजे गुंता थोडा पसरला होता, वयाच्या मानानं जरा जास्तच. पण पट्ट्यानं जो लाल दिला होता, तेवढा बिलकूल नाही. पट्टा म्हणत होता बाई पडतेय. प्लेट म्हणत होती, जरा हलतेय.

इंजिनिअरनं खुर्ची ओढली. "फिर वही," तो म्हणाला. 'वही' म्हणजे तेच, गेले कित्येक दिवस त्याची झोप उडवणारी गोष्ट. उघड्या डोळ्यांनी पट्टा आणि प्लेट जुळायची. डोळे मिटले की बासरहून आलेल्या कॉलेजच्या पोरांमध्येही जुळायची. पण गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांनी, त्यातही बायांनी डोळे मिटले की पट्टा भलतंच बोलायचा. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणींचं. लुगड्याच्या घड्यांवर पट्टा सरकत असेल म्हणून आम्ही तो घट्ट बांधून पाहिला, घडीच्या वर बांधून पाहिला. फरक पडला नाही. "डबी ही खराब है शायद," असं तो त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, आणि ते म्हणताना तो डबीकडे पाहत नव्हता.

"मला बांध," मी म्हणाले.

"क्या?"

"पट्टा. मी उभी राहते. माझ्या तोलाला काही झालेलं नाही. लुगडं नाही, पंजाबी ड्रेस आहे. पाहू दे."

त्यानं पट्टा बांधला. मी प्लेटवर चढले. चढण्याआधी हात लावला, तो हसला. आधी उघडे डोळे, हिरवा. मग तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "कळ्ळु मूसुकोंडि, अम्मा." डोळे मिटा, अम्मा. मी मिटले.

आणि अंधार झाला तसे माझे हात आपसूक छातीशी येऊन जुळले.

मी ते खाली सोडले. पण तोपर्यंत ओठ चालू झाले होते. घरी संध्याकाळी दिवा लावल्यावर देव्हाऱ्यासमोर उभं राहून जे म्हणायचं, ते. लहानपणी आई डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "डोये मिट, हात जोड." माझ्या अंगाला उभं राहून डोळे मिटणं हे एवढ्या एकाच कामासाठी माहीत होतं. झोपताना आडवं होऊन मिटायचे आणि देवापुढे उभं राहून मिटायचे, तिसरा प्रकारच नव्हता. आणि म्हणता म्हणता मी कमरेतून डोलत होते. किंचित. लेकराला मांडीवर घेतल्यावर डोलतो तसं.

ठिपका लाल. माझा, तिशीही न गाठलेल्या बाईचा. प्लेटवरचा गुंता मात्र मुठीत मावेल एवढा लहान.

मी त्याला हात कसे जुळले ते सांगितलं, आणि पट्टा न बांधता पुन्हा डोलून दाखवलं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला आणि वहीचं पान उलटं करून काठीचं चित्र काढायला लागला. त्याचा पट्टा असं धरून चालायचा की माणूस घोट्यापासून वर एका काठीसारखा हलतो. काठी झुकली, भार सरकला. पण माणूस कमरेतून डोलला तर डोकं पुढे जातं, बूड मागे येतं, आणि तळपायाखालचा भार जागच्या जागी राहतो. तिरपी होते ती फक्त कमरेवरची डबी. तिला वाटतं, माणूस गेला.

"प्रेयर," तो स्वतःशीच म्हणाला. "अम्मा लोग प्रेयर कर रहे थे."

मी जवळ उभी राहून रोज पाहत होते ते हात आणि ते ओठ, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं, कारण ते माझंच होतं. हैदराबादेतून आलेल्या माणसाला ते सुचायचं नाही, आणि सुचलं असतं तर कदाचित विचारायची भीड वाटली असती. मला सुचलं. हे मी पुढे वरच्या डॉक्टरांसमोरही तसंच सांगितलं, कोणाच्या पाठीमागे उभी न राहता.

पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की मोठी माय गावी जाऊन मेथी उपटत असेल. तिनं शब्द दिला होता आणि ती शब्दाची बाई. मी दादाला फोन लावला.

"पुन्हा? काऊन? झालं नं एक डाव."

"दादा, ते लाल खरं नव्हतं. म्हणजे किती खरं ते माहीत नाही. ती देवाचं म्हणत होती."

"देवाचं म्हनून कोणी पडते का?"

"पडत नाही, तेच सांगते आहे."

दुकानात कोणीतरी साबण मागत होतं. त्याला तो देऊन दादा म्हणाला, "बाई, तू शिकलेली हायेस, तुले कळते. पण एक सांग. तुया मशीननं हिरवं दाखवलं अन् उद्या ती पुन्हा सरीत पडली, तं मी कोणाले जाब विचारू? मशीनले का तुले?"

"मला," मी म्हणाले.

त्यानं आणलं तिला. रुसलेल्या माणसासारखं आणलं, पण आणलं. मोठी माय मात्र प्लेटपाशी अडली. "बोललो तं बोललो, पोरी. आता उलटाचं नाही. लोक म्हणतीन, बुढीले नाही पटलं म्हनून दुसऱ्यांदा तोलून घेतलं."

"तू उलटत नाहीस. यंत्रच चुकलं होतं, मोठी माय. एकट्या तुझंच नाही, सगळ्यांचंच चुकत होतं." मी तिला उभं केलं. "आता असं कर. देवाचं आधी उरकून घे. जेवढं म्हणायचं तेवढं म्हण. झालं की सांग. मग पुन्हा डोळे मिटायचे, पण तेव्हा काही म्हणायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

"नुसतं? डोये मिटून?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला चूल पेटवून नुसतं बसायला सांगितलं होतं. "मंग देवानं काय समजाव? बोलावलं अन् बोलली नाही?"

"त्याला सांगून ठेव, पोरीचं काम आहे म्हणून."

ती हसली. हात जोडले आणि म्हणायला लागली. लांबलं ते. शेतातल्या, गावातल्या आणि नदीपलीकडच्या सगळ्या देवांचं नाव घेतल्याशिवाय ती थांबेना. इंजिनिअर दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्या पोरासारखा बसून होता. दादा मात्र मान खाली घालून उभा होता आणि मला दिसलं की त्याचेही हात जुळलेले आहेत.

"झालं," ती म्हणाली. "सांगतलं त्याइले."

मग तिनं डोळे मिटले. या वेळी हात खाली, ओठ बंद.

ठिपका पिवळा आला. प्लेटची रेघ पाहिली, तीही तेच सांगत होती. पट्टा आणि प्लेट दोघंही एका सुरात. इंजिनिअरनं टेबलावर थाप मारली आणि लगेच ओशाळला, कारण बाकी कोणीच खूश नव्हतं.

मी तिला खुर्चीवर बसवलं, पाय माझ्या मांडीवर घेतला आणि तिला डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवला. लागलं की सांग म्हटलं. टाचेपाशी सांगितलं. बोटांपाशी मी दोनदा फिरवला, ती वाट पाहत बसली.

मग मी जे होतं ते सांगितलं, साखर न लावता. "मोठी माय, उजेडात तू माझ्याहून घट्ट उभी राहतेस. पण तुझ्या तळपायांना जमिनीची खबर नीट पोचत नाही. डोळे आहेत तोवर ते पायांचं काम भागवतात. अंधार झाला की पाय एकटे पडतात. त्या दिवशी तू अंधारात पडलीस. रक्तातली साखर तपासायची, ती उद्याच. पायांचे व्यायाम मी शिकवते. पण अंधारात वाडीत जायचं नाही."

"पाहा," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा. "ती बी तेच म्हणते. चाल माय, इथंच राह्य."

"इथं अंधार नसते का तुया घरी?"

दादा भिंतीवरचा काळा ठिपका नखानं खरवडायला लागला.

"अंधार साऱ्याइकडे हाय," ती म्हणाली. "तुया घरी मी अंधारात संडासले उठन, अन् ते जागा मले पाठ बी नाही. वाडीतली सरी मले पाठ हाय." मग माझ्याकडे न पाहता, "तरी पडलो. खरं हाय. पडलो."

एवढं कबूल करणं तिला सोपं गेलं नाही. दादानं ते पाहिलं आणि तो तिच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. पुढचं त्या दोघांनीच ठरवलं, मी आणि इंजिनिअर पट्ट्याची वायर गुंडाळल्यासारखं करत राहिलो. सांबार आणि मेथी आदल्या सांजेला काढून ओल्या पोत्याखाली ठेवायची. ती म्हणाली कोमेजते, तो म्हणाला थोडी कोमेजू दे. वांगी मात्र ताजीच पाहिजेत, त्यावर ती हटेना. त्यावर तो म्हणाला, तर मग वाडीत लाइट लावतो.

त्याच आठवड्यात आमच्या कागदावरच्या सूचना बदलल्या. डोळे मिटायला सांगण्याआधी विचारायचं: काही म्हणायचं असेल तर आधी म्हणून घ्या. त्यानं एकेका माणसाला वेळ जास्त लागायला लागला आणि दाराबाहेर रांग वाढली. सगळं जुळलं असं नाही, काही जणी तरी डोलायच्याच. पण आता आम्हाला कळायचं का ते, आणि अशी मोजणी आम्ही वेगळी काढून ठेवायचो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गावी गेलो. दादानं बोअरच्या खांबावर मोठा दिवा बसवला. शिडी मी धरली, कारण मोठी माय धरायला आली तेव्हा तो वरूनच ओरडला, "तू नको! तू खाली बस!" ती बसली, आणि बसून सगळ्या सूचना देत राहिली. वायर वाडीवरून थेट घरात नेली. ती आत कुठे जातेय हे तिनं तेव्हा विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागे ऑटोचा आवाज.

"पोरी, त्या लाइटानं वांग्यावर पाकोळ्या येऊन राह्यल्या. अंडे घालतीन अन् सारी वांगी किडन. मले काढणं झालं की वाडीतूनच बंद कराचा होता. अन् ह्या पोट्ट्यानं बटन लावलं घरात, बिछान्यापाशी! आता घरात आल्याशिवाय बंद कसा करू?"

"मग काय केलंस?"

"काय करन? टोपलं घेऊन उजेडातच आलो घरात, मंग बंद केला. तूच सांग त्याले. बाहेर लाव म्हणा बटन."

"सांगते," मी म्हणाले, आणि सांगितलं नाही.